जखम भरून येताना: शरीराच्या कामाला मनाची साथ कशी द्यावी

आईच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी टाके काढले आणि अकराव्या दिवशी सकाळी तिच्या लक्षात आले की बेंबीखालची दीडेक इंच जागा उसवली आहे. डॉक्टरांनी जखम तपासली, आत पू साठलेला नाही याची खात्री करून घेतली आणि पुन्हा टाके न घालता ती तळापासून वरपर्यंत आपली आपण भरू द्यायची असे ठरवले. पुढचे सहा आठवडे रोज ड्रेसिंग बदलण्याचे काम माझ्याकडे आले. हात कसे धुवायचे, गॉझची पट्टी किती ओली असावी, ती जखमेत दाबून न भरता सैल कशी ठेवायची, हे सगळे रुग्णालयातल्या सिस्टरांनी दोन दिवस समोर बसवून शिकवले. त्या सहा आठवड्यांत मी जे वाचले, विचारले आणि रोज डोळ्यांनी पाहिले, त्याच्या आधारे हे लिहीत आहे. ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया झालेले, भाजलेले किंवा अपघातात जखमी झालेले माणूस आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा. औषधे आणि तपासण्या यांचा निर्णय डॉक्टरांचाच राहील. त्यांच्या दोन भेटींच्या मधल्या दिवसांत घरच्यांनी आणि खुद्द रुग्णाने काय करायचे, एवढाच येथला विषय आहे.

शरीर रोज काय बदलते आणि काय बदलत नाही

बरे होणे म्हणजे आजारपणात सुरू होणारी एखादी वेगळी यंत्रणा आहे, असे आपल्याला वाटते. वास्तविक निरोगी शरीरातही हे काम अखंड चालू असते आणि जखम झाली की त्याच कामाची गती आणि दिशा बदलते. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी २०२१ साली मांडलेल्या हिशेबानुसार त्यांपैकी सुमारे ३३,००० कोटी पेशी दररोज बदलल्या जातात. यांत फार मोठा वाटा रक्तपेशींचा आणि आतड्याच्या अस्तराचा असतो. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते, त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो आणि वय वाढेल तसा त्याला अधिक वेळ लागतो. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. मधुमेहात एचबीएवनसी ही तपासणी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते त्याचे कारण हेच: ज्या पेशींवर साखर चिकटते, त्यांचे आयुष्यच तेवढे असते.

दर सात वर्षांनी माणसाचे सगळे शरीर नवे होते, असे एक वाक्य आपण अनेकदा ऐकतो. ते खरे नाही. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने पेशींचे वय मोजण्याची एक विलक्षण रीत शोधली. १९५०च्या दशकापासून अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३च्या करारापर्यंत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण खूप वाढले आणि नंतर ते हळूहळू उतरत गेले. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेतला कार्बन तिच्या डीएनएत कायमचा कोरला जातो, म्हणून तो मोजून पेशीचे जन्मवर्ष काढता येते. या रीतीने २००९ साली दिसून आले की हृदयाच्या स्नायूतील पेशी पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का आणि पंच्याहत्तरीत ०.४५ टक्का एवढ्याच बदलतात, म्हणजे आयुष्यभरात निम्म्याहूनही कमी. मेंदूच्या बाह्यपटलातील चेतापेशी तर जवळपास माणसाच्याच वयाच्या असतात. चरबीच्या पेशी वर्षाला सुमारे १० टक्के बदलतात आणि हाडांचा सांगाडाही साधारण त्याच गतीने आतून नवा होत राहतो.

हे सगळे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. आपले माणूस कधी बरे होईल हे विचारताना आधी कोणता भाग दुखावला आहे ते पाहावे. तोंडातला व्रण आठवड्याभरात नाहीसा होतो, कारण तिथले अस्तर मुळातच झपाट्याने बदलणारे आहे. हाड सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्नायूबंधाला रक्तपुरवठा कमी असल्याने तो महिनोन्‌महिने कुरकुरतो. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेल्या पेशी विभागून ते काही महिन्यांत जवळपास मूळ आकारमानाला येते, पण हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी नवा स्नायू येत नाही, तिथे निबर व्रणच राहतो. शेजारच्या काकूंचे ऑपरेशन होऊन त्या पंधरा दिवसांत चालू लागल्या, ही तुलना म्हणूनच निरुपयोगी आहे आणि रुग्णासमोर ती काढूच नये.

जखमेच्या आत चाललेले काम

जखम झाल्या क्षणापासून शरीर ठरलेल्या क्रमाने कामाला लागते. प्रथम रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटून गळती बंद करतात. नंतरचे तीन-चार दिवस सफाईचे असतात: पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेले ऊतक खाऊन जागा मोकळी करतात. या दिवसांत जखमेभोवती थोडी लाली, ऊब, सूज आणि ठणका असणारच, ते काम चालू असल्याचे लक्षण आहे. चौथ्या दिवसाच्या सुमारास भरणी सुरू होते आणि ती साधारण तीन आठवडे चालते. नव्या केशवाहिन्या आत शिरतात, तंतू तयार करणाऱ्या पेशी कोलॅजेन हे चिवट प्रथिन विणू लागतात आणि कडांवरच्या त्वचेच्या पेशी सरकत सरकत मधली जागा झाकतात. उघडी जखम असेल तर ही भरणी कितीतरी लांबते. शेवटचा टप्पा वर्षभर, कधी त्याहूनही अधिक चालतो. त्यात घाईने विणलेले कोलॅजेन उसवून अधिक मजबूत, ताणाच्या दिशेने पुन्हा विणले जाते.

भरणीचा टप्पा मी अगदी जवळून पाहिला. उसवल्यानंतर आठेक दिवसांनी ड्रेसिंग काढले तेव्हा जखमेच्या तळाशी लालभडक, ओलसर, दाणेदार असे काही दिसले. सोललेल्या डाळिंबाचे दाणे एकमेकांना खेटून बसावेत तसे. गॉझ किंचित घासली आणि तिथून रक्त आले. जखम चिघळली असे समजून मी घाबरून सिस्टरांना फोन केला. त्यांनी फोटो मागवला, पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, याचीच तर आपण वाट पाहत होतो. हे नवं मांस आहे." त्या दाण्यांमध्ये नुकत्याच उगवलेल्या केशवाहिन्यांची टोके असतात, म्हणून ते लाल असते आणि जरा धक्का लागला तरी रक्त येते. पिवळट चिकट थर, करडा किंवा काळा रंग, घाण वास हे मात्र वेगळे आहे आणि ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

या क्रमावरून घरात पाळायच्या गोष्टी आपोआप ठरतात. जखम उघडी टाकून वाळू द्यावी, खपली धरली की बरी झाली, अशी आपली जुनी समजूत आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या तुलनेत जवळपास दुप्पट वेगाने चढली. कारण साधे आहे: कडेच्या पेशींना सरकायला ओल लागते आणि वाळलेल्या खपलीखालून त्यांना खोल वळसा घालून जावे लागते. ओलसर म्हणजे चिंब भिजलेली मात्र नव्हे. कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसू लागली तर पट्टी लवकर बदलावी लागते. बंद टाक्यांवर कोणते ड्रेसिंग किती दिवस ठेवायचे आणि आंघोळ कधीपासून करायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्यावे, कारण घरी आल्यावर प्रत्येकाला वेगळे आठवते.

रोजच्या ड्रेसिंगमध्ये सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे हात साबणाने नीट धुणे, आणि नेमके तेच घाईत राहते. पट्टी चिकटली असेल तर ओढून काढू नये. त्यासाठी दिलेल्या सलाइनने भिजवून दोन-चार मिनिटे थांबावे, नाहीतर कालची सगळी नवी वीण पट्टीबरोबर निघून येते. भरत आलेल्या उघड्या जखमेत स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कडक जंतुनाशक स्वतःहून ओतू नये, कारण ते जंतूंबरोबर नव्या पेशींनाही जाळते. डब्यातली हळद, कॉफी, टूथपेस्ट, चुना यांपैकी काहीही जखमेवर किंवा भाजलेल्या जागेवर लावू नये. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. दुधातून किंवा भाजीतून ती अवश्य घ्यावी. भाजल्यावर लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे जागा धरणे, हाच घरच्या घरी करण्याजोगा खरा उपाय आहे.

ताकदीचा हिशेब लक्षात ठेवावा. पहिल्या आठवड्याअखेर जखमेची ताकद मूळ त्वचेच्या अवघी ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी २० ते ३० टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. त्यापुढे ती फारशी वाढत नाही. बाहेरून जखम मिटलेली दिसते तेव्हा आतली वीण कच्चीच असते. म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे पाण्याची बादली, गॅस सिलिंडर आणि धावत आलेले नातवंड यांपैकी काहीच उचलू नये. खोकला किंवा शिंक आली तर उशी पोटावर घट्ट दाबून धरावी. आईला झालेला खोकला आम्ही क्षुल्लक मानला, आणि तिची जखम उसवण्यामागे रक्तातल्या वाढलेल्या साखरेबरोबर त्याचाही वाटा होता.

खालील बाबतीत मात्र वाट पाहू नये: कमी झालेला ठणका पुन्हा वाढणे, लाली रोज पसरत जाणे, दुर्गंधीयुक्त पू, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पोटाच्या जखमेतून अचानक गुलाबी पाणी वाहू लागणे. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

ताटात काय असावे

नवी पेशी बांधायची तर कच्चा माल लागतो, आणि आपल्याकडे नेमका आजारपणात तोच तोडला जातो. टाके असताना डाळ खाऊ नये, आंबट खाऊ नये, पू होतो, असे अनेक घरांत सांगतात. पू जंतूंमुळे होतो, वरणामुळे नाही. उलट मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम. नुसत्या पेजेवर आणि चहा-बिस्किटांवर ती कधीच भरत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीर किंवा मासळीत १८ ते २० ग्रॅम, असा हिशेब मांडला की कुठे कमी पडते ते दिसते. भूक नसेल तर तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान वेळा कराव्यात: सकाळी अंडे किंवा मुगाचे धिरडे, मध्ये ताक, दुपारी घट्ट वरण आणि उसळ, संध्याकाळी दाण्याची किंवा अळिवाची खीर, रात्री पनीर घातलेली खिचडी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

आंबट वर्ज्य करण्यात तर दुहेरी नुकसान आहे. कोलॅजेनची वीण घट्ट बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागतेच. ब्रिटिश नौदलातील जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या १७४०च्या दशकातील सागरसफरीच्या वृत्तांतात एका खलाशाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली आणि केव्हाच भरलेली त्याची जखम स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाल्यावर पुन्हा उघडली. या नोंदीने मला जितके शिकवले तितके कशाने शिकवले नाही. जुना व्रणसुद्धा शरीर सतत उसवत आणि विणत असते, आणि विणण्याचे सामान संपले की नुसते उसवणे उरते. आवळा, पेरू, लिंबू, मोसंबे यांपैकी काहीतरी रोज असावे. पेरूत मोसंब्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते.

तंबाखूबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगते. सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि मशेरी या सगळ्यांतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते, म्हणजे जखमेला जाणारा प्राणवायू आणि अन्न अडवते. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर निदान चार आठवडे आधी हे बंद करावे. घरातल्या वयस्कर बायका मशेरीला व्यसन मानत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत, म्हणून त्यांना नाव घेऊन विचारावे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे हेच पहिले ड्रेसिंग समजावे.

मन नेमके कुठे मदत करते

मन पेशींना हुकूम देत नाही. ते पेशी ज्या वातावरणात काम करतात ते बदलते. काळजी, भीती, राग यांत कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि ते दीर्घकाळ वाढलेले राहिले की सफाईच्या टप्प्यातल्या पेशींना बोलावणारे संदेश दबतात. झोप तुटते, भूक मरते, चालणे बंद होते, दुखणे जास्त जाणवते आणि या प्रत्येकाची किंमत जखम मोजते.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ साली स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या व प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली. पहिल्या गटाची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९८ साली त्याच गटाने दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या टाळूवर एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर तशीच जखम केली, तेव्हा परीक्षेच्या दिवसांत ती ४० टक्के संथपणे भरली. पुढे २००५ साली ४२ जोडप्यांच्या अभ्यासात, एकमेकांशी कडवटपणे बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा सलोख्याने बोलणाऱ्यांच्या तुलनेत ६० टक्के गतीनेच भरल्या. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांतल्या जखमा किरकोळ, पण सगळ्यांची दिशा एकच आहे. यातली पहिली गोष्ट मला विशेष लागली, कारण तिथे अभ्यास रुग्णाचा नव्हता, रुग्णाची सेवा करणाऱ्याचा होता. घरात जो ड्रेसिंग करतो, रात्री उठतो, रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो, त्याला आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी मिळेल अशी व्यवस्था पहिल्याच आठवड्यात करावी.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. पहिले, दुखणे सोसू देऊ नये. आपल्याकडे सोसणाऱ्याचे कौतुक होते, पण दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकून कफ काढत नाही, चालत नाही आणि झोपत नाही. सांगितलेले वेदनाशामक सांगितलेल्या वेळी द्यावे आणि ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. गोळी देताना ती कशाची आहे आणि साधारण किती वेळात आराम पडेल हेही सांगावे. याला आधार आहे: १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांमध्ये दाखवले की केवळ औषध मिळाल्याच्या अपेक्षेने ज्यांचे दुखणे कमी झाले, त्यांना नालोक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढले. नालोक्सोन अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखते, म्हणजे अपेक्षेमुळे मेंदूने स्वतःचेच वेदनाशामक सोडले होते. खऱ्या औषधाला खऱ्या माहितीची जोड देणे फुकट असते आणि त्यात फसवणूक नसते.

दुसरे, झोप. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक स्रवते आणि दुरुस्तीच्या कामाला ते लागते. भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवावी, दुपारी दोन ते चार दार बंद ठेवावे, रात्री नऊनंतर रुग्णाच्या खोलीतला टीव्ही बंद करावा. सकाळी अर्धा तास उजेडात बसवावे, म्हणजे रात्री झोप लागते. पलंग खिडकीशी हलवता आला तर हलवावा. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढलेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

तिसरे, श्वास. दिवसातून दोनदा दहा मिनिटे, श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवून, मिनिटाला सुमारे सहा श्वास या गतीने बसायचे. पोटावर टाके असतील तर तळहात छातीच्या खालच्या बरगड्यांवर ठेवावा आणि दुखेल इतके खोल जाऊ नये. मोजणे जमत नसेल तर जप करावा. इटलीतील लुचानो बर्नार्डी यांनी २००१ साली दाखवले की जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. आईला व्यायाम म्हणून सांगितलेला श्वास जमला नाही, पण तिचा नेहमीचा जप संथ करायला सांगितल्यावर दोन दिवसांत जमला. ज्याची ज्यावर श्रद्धा आहे ते घ्यावे, आणि श्रद्धा नसेल त्याने अंक मोजावेत.

चौथे, मनातले बाहेर काढणे. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली ४९ वयस्कर व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात काहींना तीन दिवस रोज २० मिनिटे आयुष्यातल्या त्रासदायक प्रसंगाबद्दल मनमोकळे लिहायला सांगितले, तर इतरांना रोजच्या किरकोळ कामांबद्दल. नंतर हातावर केलेली चार मिलिमीटरची जखम अकराव्या दिवशी पहिल्या गटातल्या सुमारे ७६ टक्के जणांची भरली होती आणि दुसऱ्या गटातल्या ४२ टक्क्यांची. लिहिलेले कोणी वाचायचे नसते आणि शुद्धलेखन पाहायचे नसते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर हे आधीच्या आठवड्यात करावे. फार अस्वस्थ वाटू लागले तर थांबून जवळच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोलावे.

पाचवी गोष्ट आम्हाला योगायोगाने सापडली. जखमेत किती इंच गॉझ मावली ते मी रोज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत असे. पहिल्या दिवशी नऊ इंच. चार दिवस नऊच. मग साडेआठ, आठ. रोज पाहणाऱ्याला जखम कालच्यासारखीच दिसते, पण पंधरवड्याचे आकडे ओळीने पाहिले की उतार दिसतो. आई सकाळी चहा घेताना त्या आकड्यांवरून बोट फिरवू लागली. आपल्या शरीरात काम चालू आहे हे तिला आमच्या धीराच्या शब्दांपेक्षा त्या आकड्यांनी अधिक पटवले. जखम नसेल तर चाललेली पावले, चढलेल्या पायऱ्या, झोपेचे तास असे मोजता येण्याजोगे काहीतरी निवडावे.

मनावर टाकू नये असे ओझे

मनाची मदत खरी आहे, पण तिला मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. मन वेदना, मळमळ, थकवा, झोप यांवर बराच परिणाम करते, जखमेच्या गतीवर थोडा, आणि कर्करोगाच्या गाठीवर किंवा तुंबलेल्या रक्तवाहिनीवर ते औषधाचे काम करत नाही. स्तनाच्या कर्करोगात आधारगटात, म्हणजे रुग्णांनी एकत्र बसून मन मोकळे करण्याच्या गटात, जाणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगल्या असे १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात दिसले होते, पण पुढे २००७ साली त्यांनीच पुन्हा केलेल्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही सांगतो की मनःस्थिती चांगली असण्याचा आणि जगण्याच्या कालावधीचा संबंध दिसला नाही. आधारगटाने जगणे सुसह्य होते आणि तेवढ्यासाठी तो जरूर घ्यावा. पण मनःशक्तीने पेशी बदलतो असे सांगून कोणी केमोथेरपी, इन्सुलिन किंवा प्रतिजैविक बंद करायला सांगत असेल, तर त्याच्या दारातून परत यावे.

याची दुसरी बाजू घराघरांत घडते. जखम उसवल्याचे कळल्यावर भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाई आईला म्हणाल्या, "तू मनाला फार लावून घेतेस, मन खंबीर ठेव म्हणजे सगळं बरं होईल." बोलण्यात मायाच होती. रात्री ड्रेसिंग करताना आईने मला विचारले, "मी काळजी केली म्हणून उसवली का गं?" एक तर पोटाला भोक, त्यात ते आपल्याच स्वभावाने पडले ही टोचणी. मी तिला साखरेचे आकडे दाखवले, खोकल्याची आठवण करून दिली आणि सांगितले की काळजी वाटणे हा दोष नाही, पोट फाडल्यावर कोणालाही वाटते. त्यानंतर ती रडली आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी सलग झोपली.

म्हणून रुग्णाला भेटायला जाताना "खंबीर राहा" हे वाक्य घरीच ठेवावे. त्याऐवजी आज दुखणे कालच्यापेक्षा कसे आहे ते विचारावे, उत्तर पुरते ऐकून घ्यावे, दहा मिनिटांत उठावे आणि जाताना शुश्रूषा करणाऱ्याला "उद्या दुपारी मी बसते, तू झोपून घे" असे सांगून दुसऱ्या दिवशी खरोखर यावे.

आईच्या जखमेत गॉझ मावणे शस्त्रक्रियेपासूनच्या त्रेपन्नाव्या दिवशी थांबले. कॅलेंडरवरच्या त्या दिवसाच्या चौकोनात, दूध दीड लिटरच्या खाली, तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले: आज नुसती पट्टी.